पंपावर वाहणारी नदी आणि सांगलीची मी

गणपतीत मंडळात आरती झाल्यावर प्रसाद वाटत होते, तेव्हा तीन जणींनी वेगवेगळ्या वेळी येऊन एकच विचारलं: "तू खरंच त्या राफ्टमध्ये बसलीस? पण तुला पोहता कुठं येत होतं?" गर्दीत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, मागच्या वर्षी मी स्वतः असंच कुणाला तरी विचारत फिरत होते आणि नीट क्रमानं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून लंडनजवळच्या एका कृत्रिम नदीत राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या नावेतून खळाळत्या पाण्यात जाणं, मला कसं जमलं ते सगळं लिहून ठेवते आहे.

मी सांगलीची. गावभागात, कृष्णेच्या घाटापासून सात-आठ मिनिटांवर आमचं घर. आमच्याकडे पावसाळ्यात दोन माणसं भेटली की आधी "पाणी किती फूट झालं?" आणि मग बाकीच्या गप्पा. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. बाबा सकाळी पेपरातला कोयनेचा विसर्ग मोठ्यानं वाचायचे, इतके क्युसेक, तितके क्युसेक. २००५ साली घरात कमरेएवढं पाणी होतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मी लंडनमध्ये आणि आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर. दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता. त्या दोन दिवसांबद्दल मी अजून कुणाशी नीट बोललेले नाही.

आमच्या बोळातली मुलं पाठीला डबा बांधून घाटावर पोहायला शिकली. आम्ही मुली पायरीवर बसून बघायचो. होड्यांच्या शर्यतीही काठावरूनच बघितल्या. "पाण्याशी खेळ नको" हे आईचं वाक्य, आणि आईला ते म्हणायचा अधिकार होता.

तर सुरुवात झाली ५ ऑगस्ट २०२४ ला, टीव्हीसमोर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कयाक क्रॉस हा प्रकार पहिल्यांदाच होता. चार जण एकदम उंच फळीवरून आपापल्या कयाकसकट (एकट्यानं बसायची अरुंद नाव) पाण्यात पडतात, एकमेकांना धक्के देत खळाळातून खाली जातात आणि मध्ये एका ठिकाणी पूर्ण उलटं होऊन पुन्हा सरळ व्हावं लागतं. महिलांत ब्रिटनच्या किंबर्ली वुड्सला कांस्य मिळालं, पुरुषांत ब्रिटनच्याच जो क्लार्कला रौप्य. माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आई, हे लोक आपल्या इथंच सराव करतात. वॉल्थम क्रॉसला. आपल्यालाही जाता येतं." मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "पण पोहता यायला लागतं." तो कुणाला उद्देशून बोलला ते मला कळलं. नवऱ्याला येतं, त्याला येतं. राहिले मी.

ही जागा म्हणजे ली व्हॅली व्हाइट वॉटर सेंटर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी बांधलेलं. हर्टफर्डशर आणि एसेक्सच्या सीमेवर, एम २५ महामार्गाला अगदी लागून. नदी कृत्रिम आहे. खाली एक तळं, त्यातलं पाणी पंपांनी वर चढवतात आणि ते काँक्रीटच्या पात्रातून पुन्हा तळ्यात येतं. दोन मार्ग आहेत. ऑलिंपिकचा ३०० मीटरचा, त्यात साडेपाच मीटरचा उतार. आणि दुसरा १६० मीटरचा, १.६ मीटर उताराचा, नवशिक्यांना सोपा. मोठ्या मार्गावर दर सेकंदाला साधारण १३ हजार लिटर पाणी सोडतात. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा आणि दर सेकंदाला तसा एक टँकर, वर थोडं आणखी, असं समजा. बाबांच्या हिशेबात सांगायचं तर ४६० क्युसेकच्या आसपास. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडतात, त्याच्या पाव भागालाही जरा कमी. हा हिशेब मी त्याच रात्री कागदावर केला. करून जरा धीर आला.

अट अशी होती की कपड्यांनिशी निदान २५ मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाण्याची भीती नको. पहिलं शिकता येतं. दुसऱ्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये घराजवळच्या एका तरणतलावात प्रौढांच्या वर्गासाठी नाव घातलं. "चार आठवडे लागतील" असं सांगितलं होतं, लागले पंधरा. मध्ये दोन ईमेल केले, उत्तर नाही. शेवटी मी स्वतः जाऊन काउंटरपाशी उभी राहिले तेव्हा कळलं की माझं नाव "थोडं पोहता येणाऱ्या" वर्गाच्या यादीत पडलं होतं. म्हणून सांगते, फॉर्म भरताना "अजिबात येत नाही" हाच पर्याय निवडा, संकोच करू नका, आणि दोन ठिकाणी नाव घाला. मंगळवारी रात्री आठचा वर्ग, अर्धा तास, महिन्याला साधारण ४० पौंड. पहिला दिवस १४ जानेवारी २०२५. बाहेर दोन अंश तापमान आणि मी पोहण्याच्या पोशाखात, आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही सहा जण होतो. सत्तरीच्या एक घानाच्या आजी होत्या, त्या मला रोज म्हणायच्या, "आज तू पुढे, मी मागे."

पहिले चार आठवडे फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा. मला दमा आहे, सौम्य, पण आहे. पाण्यात तोंड गेलं की छाती आवळायची आणि मला वाटायचं दम्यामुळे होतंय. शिकवणारा मुलगा शांतपणे म्हणाला, "तुम्ही श्वास आत घेऊन धरून ठेवताय. सोडा. पूर्ण सोडला की पुढचा आपोआप येतो." पाचव्या मंगळवारी मी पाण्याखाली बुडबुडे सोडले आणि त्यांचा आवाज ऐकला, गुडगुड, हुक्क्यासारखा. छाती आवळली नाही. त्या रात्री घरी येऊन मी जेवताना काही बोललेच नाही. नवऱ्याला वाटलं काहीतरी बिनसलं.

२० मे ला २५ मीटर झाले. एका दमात नाही, मध्ये दोनदा उताणी होऊन तरंगले, पण भिंत सोडून भिंतीला हात लावला. उताणं होऊन तरंगायला मी सगळ्यात आधी शिकले होते आणि पुढे तेच कामी आलं.

जूनमध्ये तीन रविवार, ८, १५ आणि २२ तारखेला, एका क्लबमध्ये शांत पाण्यावर कयाक शिकलो. तिघांचे मिळून शंभर पौंडांच्या थोडं वर गेले. राफ्टिंगला याची काही सक्ती नाही, पण माझ्यासारखीनं एकदम खळाळात जाण्यापेक्षा आधी नावेत बसायची सवय करावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच दिवशी मुद्दाम उलटायला लावतात. काठापासून दोन हातांवर, शिक्षक शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा. नाव उलटली की पुढे वाकायचं, दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि चड्डी काढावी तसं नाव ढकलून बाहेर यायचं. हे असंच्या असं शिकवलं त्यांनी. खाली सगळं हिरवं दिसतं. माझ्या मनात तेव्हा भीती नव्हती, फक्त "कडा कुठंय, कडा कुठंय" एवढंच होतं. बाहेर आले तेव्हा मुलगा टाळ्या वाजवत होता.

लायसन्सबद्दल बरेच जण विचारतात. क्लबच्या नावेतून शिकायला आपल्याला वेगळं काही काढावं लागत नाही. पण उद्या स्वतःची कयाक किंवा हवा भरायचा पॅडलबोर्ड घेऊन ली नदीत किंवा इथल्या कालव्यांत उतरायचं असेल तर परवाना लागतो. पॅडल यूके या कयाक-कनूवाल्यांच्या संस्थेचं सदस्यत्व घेतलं की तो त्यातच येतो. पूर्वी या संस्थेचं नाव ब्रिटिश कनूइंग होतं, २०२४ मध्ये बदललं. जुन्या लेखांत जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका, संस्था तीच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात राफ्टिंगचं बुकिंग केलं, २ ऑगस्ट, शनिवार, सकाळचा स्लॉट. माणशी पन्नास ते साठ पौंडांच्या मध्ये. त्यात वेटसूट, हेल्मेट, तरंगजाकीट सगळं येतं. प्रत्येकाला ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, अठराच्या आतल्यांच्या फॉर्मवर पालकाची संमती. त्यात आजारांचा रकाना असतो. दमा लिहावा की नाही यावर घरात चर्चा झाली. मी लिहिला. लिहिल्यावर वाटलं, आता डॉक्टरांचं पत्र मागतील, म्हणून आधीच आमच्या दवाखान्यात फोन केला. "हे खासगी पत्र, फी पडेल, तीन आठवडे लागतील." आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. मग सरळ सेंटरला फोन केला. तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत विचारून घेतलं: शेवटचा झटका कधी आला, थंडीनं त्रास होतो का, दम्याचा पंप कोणता घेता. पत्र नको म्हणाल्या, पंप घेऊन या आणि उतरण्याआधी गाइडला सांगा. त्या फोनपायी मी पाच दिवस झोपले नव्हते. लपवू नका आणि आधी फोन करा.

त्या दिवशी गाडीनं गेलो. पार्किंगला पैसे पडतात. ट्रेननं जायचं तर लिव्हरपूल स्ट्रीटहून वॉल्थम क्रॉस, अर्ध्या तासाचा प्रवास आणि स्टेशनापासून चालत दहा मिनिटं. वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा, कारण वेटसूट चढवायला वेळ लागतो. ओला सूट मिळाला तर आणखी. पायात भिजले तरी चालतील असे जुने बूट हवेत, टाच झाकलेले, चप्पल चालत नाही. चष्म्याला मागून बांधायची पट्टी हवी.

आणि बायकांसाठी मुद्दाम: मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरीच ठेवून या. लॉकर असतात, पण लॉकरची काळजी डोक्यात कशाला. जोडव्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वेटसूटची पायपट्टी ओढताना जोडवं अडकलं आणि बोट सोलवटलं. जखम उघडी ठेवून पाण्यात जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. इथंही लेप्टोची भीती असते, हे लोक त्याला वाइल्स डिसीज म्हणतात. मुंबईच्या पावसाळ्यात आपण ज्यासाठी गुडघाभर पाण्यातून चालू नका म्हणतो, तेच. काउंटरवरून वॉटरप्रूफ पट्टी घेऊन बोट गुंडाळलं. परत आल्यावर आधी अंघोळ, मग खाणं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग दुखलं तर डॉक्टरांना "मी अशा पाण्यात होते" हे आठवणीनं सांगायचं.

आमच्या राफ्टमध्ये मी आणि मुलगा धरून सहा जण आणि मागे गाइड, पंचवीस-सव्विशीची वेल्श मुलगी. तिनं काठावर वल्हं हातात देऊन आधी एकच गोष्ट दहादा करून घेतली. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. तो हात त्या मुठीवरून काहीही झालं तरी सुटू द्यायचा नाही, नाहीतर ती मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. मग दुसरं: बाहेर फेकलं गेलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय तळाशी कुठं अडकला तर वरून येणारं पाणी तुम्हाला खाली दाबतं. उताणं व्हायचं, पाय पुढे, आणि पाण्याबाहेर फक्त नाक आणि पायांची बोटं. दोरी फेकली तर ती हाताला गुंडाळायची नाही, छातीशी धरायची आणि खांद्यावरून जाऊ द्यायची.

त्यानंतर पोहण्याची परीक्षा. वाहत्या पाण्यात एकेकानं उडी मारून पलीकडच्या काठाला लागायचं. तरणतलावाचं पाणी आपल्याला कुठं नेत नाही, हे नेतं. मी सरळ समोर बघून हात मारत होते आणि काठ बाजूला सरकत चालला होता. गाइड ओरडली, "तिरकी ये, प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून तिरकी!" तसं केल्यावर लागले काठाला, ठरलेल्या जागेच्या बरीच खाली, पण लागले. तिनं अंगठा दाखवला. मला त्या क्षणी घरी जायला सांगितलं असतं तरी मी समाधानानं गेले असते.

राफ्ट तळ्यातून निघते आणि एका सरकत्या पट्ट्यावर चढते. आपण बसलेलेच, वल्ही मांडीवर, आणि अख्खी नाव आपल्यासकट हळूहळू वर. वर पोहोचल्यावर पाणी अगदी गुळगुळीत असतं, काळं, तेलासारखं. आवाज खालून येतो. सांगलीत पुराच्या रात्री गच्चीवर तो आवाज ऐकला आहे, सलग, मध्ये श्वास न घेणारा. माझे हात थंड पडले. मुलानं मागे वळून बघितलं, काही बोलला नाही, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लावला.

पहिल्या फेरीतलं मला फारसं आठवत नाही. दुसऱ्या फेरीत मी डोळे उघडे ठेवले. पात्रात तळाशी प्लास्टिकचे मोठे ठोकळे बसवलेले असतात, त्यांच्या जागा बदलता येतात आणि त्यांच्यावरूनच लाटा, धबधबे तयार होतात. प्रत्येक ठोकळ्यामागे पाणी उलटं, वरच्या दिशेला वळतं. गाइडनं राफ्ट तशा एका जागेत घातली आणि नाव चक्क थांबली. दोन हातांवरून सगळा लोंढा धडधडत चाललाय आणि आम्ही स्थिर. "ही एडी," ती म्हणाली, "इथं विश्रांती घ्यायची." मला आयुष्यभर सांगितलं होतं की पाणी जिथं फिरतं तिथून दूर पळायचं. कृष्णेच्या भोवऱ्याबद्दल ते खरंच आहे आणि खरंच राहील. ही भोवऱ्यासारखी खाली ओढणारी गोष्ट नव्हे, आडोसा आहे. पाण्यात एवढा फरक असतो आणि तो बघता येतो, हे मला ४४ वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत मी पडले. दुसऱ्या मोठ्या उतारावर नाव उजवीकडे उचलली गेली, ट्यूबखाली खोचलेला माझा पाय सुटला आणि मी मागच्या मागे गेले. आवाज एकदम बंद झाला. नाकात पाणी, पांढरं, सगळीकडे पांढरं. मग तरंगजाकिटानं मला वर काढलं आणि आवाज परत आला. पायांना तळ शोधायचा होता. ते आपोआप खाली जात होते, मी ते ओढून वर काढले. नाक आणि बोटं, नाक आणि बोटं. मराठीतच म्हणत होते, मोठ्यानं. मी श्वास सोडला, पूर्ण, त्या मंगळवारच्या वर्गातल्यासारखा, आणि पुढचा आला. एक ठोकळा पायाला लागला, मी त्यावरून घसरले, आणि मग काठावरून लाल पिशवी उडत आली, तिच्यातून दोरी सुटत. ती माझ्या पोटावर पडली. छातीशी धरली, खांद्यावरून घेतली आणि पाण्यानंच मला वळवून काठाला लावलं.

नवरा काठावरच्या कठड्याशी व्हिडिओ काढत होता, आयत्या वेळी खांदा दुखतोय म्हणून तो उतरला नव्हता. व्हिडिओत मोजलं तर पडल्यापासून काठाला लागेपर्यंत १४ सेकंद. त्यात त्याचा हात हलल्यामुळे निम्मं आभाळच दिसतं.

काठावर बसून दोनदा पंप ओढला, पाच मिनिटं थांबले. गाइडनं येऊन समोर बसून विचारलं, "पुढची फेरी काठावरून बघायची का?" तिनं खरंच विचारलं होतं, हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी आणखी दोन फेऱ्या केल्या.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. हे पंपाचं पाणी आहे. यात वाहून आलेले ओंडके नाहीत, तारा नाहीत, बुडालेल्या भिंती नाहीत, आणि दर थोड्या अंतरावर दोरी घेऊन माणूस उभा आहे. इथं शिकलेलं घेऊन कुणी पुराच्या नदीत उतरू नये. महाराष्ट्रात करून बघायचं असेल तर कोलाडला कुंडलिका आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटतं आणि त्यावर राफ्टिंग चालतं. तिथंही हेल्मेट आणि तरंगजाकीट आधी स्वतः ओढून बघा, सैल वाटलं तर बदलून मागा, लाजू नका.

बाहेर पडताना मुलानं सांगितलं की २०१२ मध्ये याच तारखेला, २ ऑगस्टला, याच पात्रात टिम बेली आणि एटिएन स्टॉट यांनी दोघांच्या कनू या नावेच्या शर्यतीचं सुवर्ण जिंकलं होतं. आम्ही तो मार्ग पुन्हा एकदा काठाकाठानं चालत बघितला. मी पडले ती जागा वरून अगदी छोटी दिसते.

दुसऱ्या दिवशी अंग इतकं दुखत होतं की कप उचलवेना. खांदे, आणि का कोण जाणे, मांड्या. सोमवारी सुट्टी घ्या.

आईला सांगायला मी आठवडा लावला. मग व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिनं तो दोनदा बघितला, चष्मा पुसून.

"पाणी किती फूट होतं?"

"फूट नसतं गं तिथं. उतार अठरा फुटांचा आहे."

"आणि पंप बंद केल्यावर?"

"थांबतं. सगळं खालच्या तळ्यात जाऊन बसतं."

ती बराच वेळ गप्प होती. मागे आमच्या घराची भिंत दिसत होती, २०१९ ची पाण्याची रेघ अजून पुसट आहे तिच्यावर.

"काठावर बसायला तिकीट आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग मे महिन्यात येते. तिकिटं स्वस्त असतील तेव्हा बघ."